निवृत्तिवेतन निधीची निवड आणि जोखीम : तरुण नोकरदारांसाठी एक पाठ



आपल्या संस्थेच्या अभ्यासवर्गात गेली काही वर्षे नव्याने नोकरीला लागलेली मुले-मुली एक प्रश्न हमखास विचारतात. "पगारातून पेन्शनचे पैसे कापले जातात, फॉर्मवर कोणती योजना ते लिहा म्हणतात, आम्ही काय लिहावे?" बहुतेक जण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने जे लिहिले तेच लिहितात, किंवा तो रकाना कोराच सोडतात. पस्तीस वर्षे चालणाऱ्या व्यवहाराचा निर्णय पाच मिनिटांत, तोही दुसऱ्याच्या फॉर्मकडे पाहून घेतला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा पायरीपायरीने विचार करणार आहोत. कोणती एक योजना घ्या असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. निर्णय कसा घ्यावा हे समजावे, एवढाच या पाठाचा उद्देश आहे.

१. पूर्वीचे पेन्शन आणि आताचे पेन्शन

आमच्या वडीलधाऱ्यांपैकी जे रेल्वेत, पोस्टात, महानगरपालिकेत किंवा शासकीय शाळेत लागले, त्यांना निवृत्तीनंतर दरमहा ठरलेली रक्कम मिळत असे. महागाई वाढली की त्यात वाढ होई. बाजारात काय चालले आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते, कारण ती रक्कम देण्याची जबाबदारी शासनाची होती. आपल्या कित्येक घरांतील मुलांची शिक्षणे, बहिणींची लग्ने आणि गावाकडच्या घराची डागडुजी याच पेन्शनच्या आधारावर झाली. ज्यांचे आयुष्य गिरणीत किंवा छोट्या कारखान्यात गेले, त्यांच्या हाती मात्र फंड आणि ग्रॅच्युइटी एकदाच आली आणि दोन-तीन वर्षांत संपली. एकाच चाळीतील दोन म्हाताऱ्यांच्या उतारवयात केवढा फरक पडला, हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता परिस्थिती बदलली आहे. केंद्र शासनात १ जानेवारी २००४ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांना (सैन्यदले वगळून) जुने पेन्शन लागू नाही. महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नेमणुकांसाठी अंशदायी योजना आणली. पुढे राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस, १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली झाली. या योजनेत आपण आणि आपला मालक मिळून दरमहा पैसे भरतो, ते गुंतवले जातात, आणि साठाव्या वर्षी जे साठले असेल त्यावर आपले पेन्शन ठरते. म्हणजेच बाजाराची जोखीम शासनाकडून किंवा मालकाकडून कामगाराच्या खांद्यावर आली. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप केला, त्याचे मूळ येथे आहे. त्यानंतर केंद्र शासनाने १ एप्रिल २०२५ पासून आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय दिला असून त्यात किमान २५ वर्षे सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन देण्याची तरतूद आहे. राज्य शासनात असलेल्यांनी आपल्या विभागाचे शासन निर्णय स्वतः वाचून आपणास कोणता पर्याय लागू आहे हे पाहावे.

परंतु खाजगी कंपनीत, कंत्राटी कामावर किंवा स्वतःच्या व्यवसायात असलेल्या बहुसंख्य तरुणांना असा कोणताही ठरलेला आधार नाही. पुढील विवेचन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

२. आपला पैसा कोठे जातो?

पेन्शन निधीत भरलेला पैसा मुख्यतः तीन ठिकाणी गुंतवला जातो.

पहिला प्रकार समभागांचा, म्हणजे कंपन्यांच्या शेअर्सचा. एनपीएसमध्ये याला 'ई' वर्ग म्हणतात. येथे आपण कंपनीच्या मालकीचा लहानसा हिस्सा घेतो. कंपनी वाढली तर हिस्सा वाढतो, बुडाली तर बुडतो. यात व्याज ठरलेले नसते.

दुसरा प्रकार कंपन्यांच्या कर्जरोख्यांचा, म्हणजे 'सी' वर्ग. येथे आपण कंपनीला उसने पैसे देतो आणि ती ठरलेले व्याज देते.

तिसरा प्रकार सरकारी रोख्यांचा, म्हणजे 'जी' वर्ग. येथे कर्ज घेणारे शासन असते, म्हणून मुद्दल बुडण्याची भीती जवळजवळ नसते.

या प्रत्येक वर्गातील रकमेचे युनिट केले जातात आणि युनिटचा भाव रोज जाहीर होतो. आपल्या खात्यात रुपयांऐवजी युनिट जमा होतात, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सर्व मुद्दा तिच्यावर उभा आहे.

३. जोखीम म्हणजे नेमके काय?

आपल्या समाजात जोखीम म्हटले की पैसे बुडणे एवढाच अर्थ घेतला जातो. ते स्वाभाविक आहे. ज्यांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी सावकाराच्या वहीशिवाय दुसरी वही नव्हती, त्यांना हातची रक्कम गमावण्याची भीती वाटणारच. तथापि निवृत्तीच्या बचतीत तीन वेगवेगळ्या जोखमी असतात आणि त्या वेगवेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

पहिली, भाव खाली-वर होण्याची जोखीम. जानेवारी २००८ मध्ये मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक २१,००० च्या वर गेला होता. मार्च २००९ मध्ये तो ८,२०० च्या खाली आला. म्हणजे शंभर रुपयांचे चाळीसही उरले नाहीत. नोव्हेंबर २०१० मध्ये तो पुन्हा २१,००० पर्यंत पोहोचला. तसेच जानेवारी २०२० मध्ये ४२,००० वर असलेला निर्देशांक कोरोनाच्या धास्तीने २३ मार्च २०२० रोजी २६,००० च्या खाली बंद झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पुन्हा ४२,००० च्या वर गेला.

दुसरी, कायमचे नुकसान होण्याची जोखीम. एखादी कंपनी बुडाली तर तिचा शेअर परत वर येत नाही. कर्जरोखेही यातून सुटत नाहीत. २०१८ साली आयएल अँड एफएस या मोठ्या वित्तसंस्थेने देणी थकवली, तेव्हा तिचे रोखे सुरक्षित समजून घेतलेल्या काही पेन्शन व भविष्य निर्वाह निधींनाही झळ बसली. अनेक कंपन्यांत पैसा विभागून ठेवणे हाच यावरचा उपाय होय. एकाच कंपनीचे शेअर घेणे आणि पन्नास कंपन्यांत पसरलेला निधी घेणे यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरी, पैसा पुरेसा न वाढण्याची जोखीम. ही दिसत नाही, म्हणून सर्वांत जास्त फसवते. समजा महागाई दरवर्षी ६ टक्के राहिली. तर आज १०० रुपयांत येणाऱ्या वस्तूसाठी ३५ वर्षांनी सुमारे ७६९ रुपये लागतील. जो तरुण भीतीपोटी सर्व रक्कम ६ टक्के देणाऱ्या ठिकाणी ठेवतो, त्याचे पासबुक दरवर्षी फुगत जाईल, पण त्या पैशाची खरेदी करण्याची ताकद तसूभरही वाढणार नाही. पासबुकात तोटा दिसला नाही म्हणजे तोटा झाला नाही, असे नव्हे.

४. तरुणाला बाजाराची पडझड का पेलते?

येथे एक साधे गणित पाहू. समजा, पंचविशीतील एका मुलीच्या खात्यात ५०,००० रुपये साठले आहेत आणि ती दरमहा २,००० रुपये भरते. बाजार ४० टक्के पडला आणि तिची सर्व रक्कम समभागांत असली, तर तिचे २०,००० रुपये कमी झाले. ही रक्कम तिच्या दहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी आहे. तिच्यापुढे अजून पस्तीस वर्षांचे हप्ते आहेत.

आता अठ्ठावन्न वर्षांच्या गृहस्थाचा विचार करा. त्यांच्या खात्यात ४० लाख आहेत. तीच ४० टक्के पडझड त्यांचे १६ लाख नेते, आणि भरून काढण्यास त्यांच्याकडे दोनच वर्षे आहेत. पडझड एकच, पण एकीच्या बाबतीत ती अडचण आहे आणि दुसऱ्याच्या बाबतीत संकट. तरुणाची खरी मालमत्ता खात्यात साठलेली नसते. ती त्याच्या पुढील आयुष्यातील पगारात असते, आणि शेअर बाजार पडल्याने ती नाहीशी होत नाही.

दुसरी गोष्ट युनिटची. युनिटचा भाव २० रुपये असताना २,००० रुपयांत १०० युनिट येतात. भाव पडून १२ रुपये ५० पैसे झाला तर त्याच २,००० रुपयांत १६० युनिट येतात. पुढे भाव पुन्हा २० झाला की त्या १६० युनिटची किंमत ३,२०० रुपये होते. म्हणजे जो अजून विकत घेणारा आहे त्याला स्वस्ताई लाभदायक, आणि जो विकायला निघाला आहे त्याला ती मारक. आपण ज्वारी विकत घेताना भाव उतरला तर दुःख करीत नाही. तरुण बचतदार हा पुढची तीस वर्षे विकत घेणाराच असतो, हे तो विसरतो.

५. मग सर्वच पैसा समभागांत टाकावा काय?

असा निष्कर्ष घाईचा ठरेल. याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, बाजार परत वर येतोच असा निसर्गनियम नाही. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ च्या अखेरीस सुमारे ३८,९०० वर होता. ती पातळी तो फेब्रुवारी २०२४ मध्ये ओलांडू शकला. मध्ये चौतीस वर्षे गेली. दरमहा थोडे थोडे भरणाऱ्याची अवस्था शिखरावर एकरकमी पैसे घालणाऱ्याइतकी वाईट होत नाही, हे खरे. तरी सर्व भिस्त एकाच प्रकारावर ठेवू नये, हा धडा या उदाहरणातून घ्यावा.

दुसरे कारण नोकरीचे. ज्याची नोकरी कायम आहे आणि ज्याच्या घरात दुसरा कमावता आहे, तो अधिक जोखीम घेऊ शकतो. ज्याचे काम अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे, ज्याच्यावर आई-वडील, भावंडे आणि गावाकडचे कर्ज अवलंबून आहे, त्याने आधी पायाखालची जमीन घट्ट करावी. मंदीत बाजार पडतो आणि त्याच वेळी नोकऱ्याही जातात, हे २०२० साली आपण अनुभवले आहे.

तिसरे कारण मनाचे. आमच्या परिचयातील एका तरुणाने मोठ्या उत्साहाने सर्वांत जास्त समभागांचा पर्याय घेतला होता. मार्च २०२० मध्ये खात्यातील आकडा घसरलेला पाहून त्याला रात्री झोप येईना. त्याने सगळी रक्कम सरकारी रोख्यांकडे वळवली. बाजार सावरला तेव्हा तो बाहेर होता. वर्षभराने तो परत आला, पण चढ्या भावाने. स्वस्तात विकले आणि महागात घेतले, असा त्याचा व्यवहार झाला. त्याने मध्यम जोखमीचा पर्याय घेऊन तो न हलवता ठेवला असता तर तो अधिक फायद्यात राहिला असता. तो मुलगा हुशार आहे. चूक बुद्धीची नव्हती. आपल्याला किती पडझड सोसेल याचा अंदाज त्याने शांत वेळी घेतला नव्हता.

म्हणून जोखमीची पातळी ठरवताना स्वतःला पुढील तीन प्रश्न विचारावेत. हे पैसे लागायला किती वर्षे आहेत? मधल्या काळात उत्पन्न थांबले तर या पैशाला हात न लावता आपण किती महिने काढू शकतो? आणि खात्यातील आकडा एका वर्षात एक तृतीयांशाने घसरला तर आपण हप्ता चालू ठेवू काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वय देते, दुसऱ्याचे घरची स्थिती देते. तिसऱ्याचे उत्तर मात्र प्रामाणिकपणे स्वतःलाच द्यावे लागते.

६. एनपीएसमधील पर्याय

एनपीएसमध्ये पैशाची वाटणी ठरवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, स्वतः प्रमाण ठरवणे. दुसरा, वयानुसार आपोआप बदलणारी वाटणी स्वीकारणे.

स्वतः निवडण्याच्या मार्गात बिगर-शासकीय सभासदाला समभागांचे प्रमाण सुरुवातीला ५० टक्क्यांपर्यंत ठेवता येत असे. २०१८ पासून ती मर्यादा ७५ टक्के झाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून अशा सभासदांसाठी १०० टक्क्यांपर्यंत समभाग असलेल्या वेगळ्या योजनाही खुल्या झाल्या आहेत. मुभा वाढली म्हणजे ती सर्वांनी वापरलीच पाहिजे असे नाही.

आपोआप बदलणाऱ्या मार्गात तीन जुने पर्याय आहेत. आक्रमक पर्यायात पस्तिशीपर्यंत ७५ टक्के समभाग असतात, मध्यम पर्यायात ५० टक्के, आणि सावध पर्यायात २५ टक्के. पस्तिशीनंतर दरवर्षी समभाग कमी होत जातात व सरकारी रोखे वाढत जातात. पंचावन्नाव्या वर्षी समभागांचे प्रमाण अनुक्रमे १५, १० आणि ५ टक्के उरते. १ ऑक्टोबर २०२४ पासून चौथा, 'संतुलित' पर्याय आला असून त्यात ५० टक्के समभाग पस्तीसऐवजी पंचेचाळीस वर्षांपर्यंत टिकतात.

मध्यम पर्यायाचे उदाहरण खाली दिले आहे. विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरवून घ्यावे.

वय ३५ पर्यंत : समभाग ५०, कंपनी रोखे ३०, सरकारी रोखे २०
वय ४० : समभाग ४०, कंपनी रोखे २५, सरकारी रोखे ३५
वय ४५ : समभाग ३०, कंपनी रोखे २०, सरकारी रोखे ५०
वय ५० : समभाग २०, कंपनी रोखे १५, सरकारी रोखे ६५
वय ५५ व पुढे : समभाग १०, कंपनी रोखे १०, सरकारी रोखे ८०

या रचनेमागील विचार कलम चारमध्ये आपण पाहिला तोच आहे. पुढची वर्षे जसजशी कमी होतात, तसतशी जोखीम कमी केली जाते. ज्याला दरवर्षी खाते उघडून प्रमाण बदलण्याची सवड किंवा हौस नाही, त्याच्यासाठी हा मार्ग सोयीचा आहे. शिवाय त्यात घाबरून निर्णय घेण्याची संधी कमी मिळते, हा त्याचा मोठा गुण होय.

आणखी एक बाब. ज्यांचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो, त्यांनी दोन्ही खाती एकत्र धरून विचार करावा. भविष्य निर्वाह निधीतील बहुतांश रक्कम रोख्यांमध्ये असते. २०१५ पासून नव्या रकमेचा लहान भाग समभागांकडे जातो, एवढेच. त्यामुळे ज्या तरुणाचा फंड नियमित कापला जातो, त्याची सुरक्षित बाजू आधीच भरलेली असते, आणि एनपीएसमध्ये त्याला समभागांचे प्रमाण अधिक ठेवणे परवडते. ज्याला फंडच नाही, त्याने एनपीएसच्या आतच समतोल साधावा.

७. वेळ, वाढ आणि खर्च

आता तीन हिशेब करू. येथे घेतलेले व्याजदर केवळ समजण्यासाठी धरले आहेत, त्यांची हमी कोणी देत नाही. दरवर्षी २४,००० रुपये वर्षअखेरीस भरले असे मानू.

पहिला हिशेब वेळेचा. पंचविसाव्या वर्षी सुरुवात करून साठाव्या वर्षापर्यंत ८ टक्क्यांनी सुमारे ४१ लाख ३६ हजार होतात. तेच पस्तिसाव्या वर्षी सुरू केले तर सुमारे १७ लाख ५५ हजार होतात. उशीर दहा वर्षांचा, कमी भरलेली रक्कम २ लाख ४० हजार, आणि हाती येणारी रक्कम जवळपास २४ लाखांनी कमी. हा चक्रवाढीचा परिणाम होय.

दुसरा हिशेब परताव्याचा व खर्चाचा. पस्तीस वर्षे ६ टक्के मिळाले तर सुमारे २६ लाख ७४ हजार, आणि १० टक्के मिळाले तर सुमारे ६५ लाख ५ हजार होतात. पण त्या १० टक्क्यांतून दरवर्षी १ टक्का निधी चालवणाऱ्याने खर्चापोटी घेतला, तर हाती ९ टक्क्यांनी सुमारे ५१ लाख ७७ हजारच येतात. एक टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो, परंतु पस्तीस वर्षांत तो एकूण रकमेचा पाचवा हिस्सा खातो. म्हणून कोणत्याही निधीचा फॉर्म भरण्यापूर्वी, "वर्षाला खर्च किती?" हा प्रश्न विचारावाच. एनपीएसच्या सर्वसाधारण योजनांत व्यवस्थापनाचा खर्च फार कमी असतो, ही तिची जमेची बाजू आहे. नव्या योजनांत तो जास्त असू शकतो, हे तपासावे. विम्याला जोडलेल्या ज्या पेन्शन पॉलिसी ओळखीचे एजंट आग्रहाने गळ्यात घालतात, त्यांचे खर्च तर जरूर वाचावेत.

तिसरा हिशेब महागाईचा. वरचे ४१ लाख ऐकून हुरळून जाऊ नये. ६ टक्के महागाई धरली तर पस्तीस वर्षांनंतरच्या त्या रकमेत आजच्या सुमारे ५ लाख ३८ हजारांइतकेच सामान येईल. मग उपाय काय? पगार वाढेल तसा हप्ता वाढवणे. दरवर्षी हप्ता ६ टक्क्यांनी वाढवला आणि परतावा ८ टक्केच मिळाला, तर अखेरीस सुमारे ८५ लाख १९ हजार होतात. म्हणजे योजना निवडण्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व हप्ता वाढवण्याला आहे. कोणता निधी चांगला यावर तासन्‌तास वाद घालणारे तरुण आम्ही पाहिले आहेत, ज्यांचा हप्ता पाच वर्षांत एक रुपयानेही वाढलेला नव्हता.

८. नेहमी होणाऱ्या चुका

(अ) नोकरी बदलताना फंड काढून खर्च करणे. ही आपल्या तरुणांची सर्वांत महाग चूक आहे. पंचविशीत काढलेले ४०,००० रुपये म्हणजे साठीतले कित्येक लाख असतात. यूएएन क्रमांकाच्या आधारे जुने खाते नव्या नोकरीकडे वळवता येते.

(आ) मागील वर्षी ज्या निधीने सर्वांत जास्त परतावा दिला त्याच्यामागे धावणे. एका वर्षाचा पहिला नंबर पुढच्या वर्षी टिकेलच असे नाही. निदान पाच ते दहा वर्षांची कामगिरी व खर्च पाहावा.

(इ) अडीअडचणीची रक्कम न ठेवता सर्व पैसा निवृत्ती खात्यात घालणे. एनपीएसच्या मुख्य खात्यातून मनाला येईल तेव्हा पैसे काढता येत नाहीत. ती शिस्त चांगली आहे, पण घरात आजारपण आले की माणूस मग जास्त व्याजाने कर्ज काढतो.

(ई) वारसनोंद न करणे. लग्नापूर्वी केलेली नोंद लग्नानंतर तपासून पाहावी. रक्कम असूनही विधवा भगिनींना कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात, ते बहुधा याच कारणाने.

(उ) शेवटी काय मिळणार हे न वाचणे. एनपीएसमधील सर्व रक्कम एकदम हाती येत नाही. एका भागातून आजीवन पेन्शन देणारे वर्षासन विकत घ्यावे लागते. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी हा भाग किमान ४० टक्के आहे. इतरांसाठीही तो तेवढाच होता. डिसेंबर २०२५ मधील बदलानुसार तो किमान २० टक्के करण्यात आला. हाती जास्त रक्कम येणार म्हणजे ती सांभाळण्याची जबाबदारीही वाढली. लहान रकमांसाठी वेगळी सवलत असते, ती त्या वेळचे नियम पाहून समजून घ्यावी.

९. ज्यांचे उत्पन्न लहान आहे त्यांच्यासाठी

घरकाम करणाऱ्या भगिनी, रिक्षाचालक, बांधकाम मजूर यांनी हा लेख आपल्यासाठी नाही असे मानू नये. २०१५ साली सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयाच्या व्यक्तीला साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांचे हमीचे पेन्शन घेता येते. अठराव्या वर्षी सुरुवात केल्यास ५,००० रुपयांच्या पेन्शनसाठी दरमहा २१० रुपये भरावे लागतात, तर चाळिसाव्या वर्षी त्याच पेन्शनसाठी १,४५४ रुपये. ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकर भरणाऱ्यांना या योजनेत नव्याने सामील होता येत नाही. येथे जोखमीची निवड करावी लागत नाही. मात्र महागाईची जोखीम येथेही आहेच. आजचे ५,००० आणि तीस वर्षांनंतरचे ५,००० सारखे नसतील. म्हणून ही योजना पाया समजावी, पूर्ण घर नव्हे.

१०. क्रम कसा असावा?

आमच्या मते तरुण बचतदाराने पुढील क्रम धरावा. प्रथम जास्त व्याजाचे कर्ज फेडावे, कारण २४ टक्क्यांचे कर्ज ठेवून १० टक्क्यांसाठी गुंतवणूक करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. त्यानंतर तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत ठेवावा. घरात आपल्यावर अवलंबून माणसे असतील तर साधा मुदतीचा जीवन विमा व आरोग्य विमा घ्यावा. मग निवृत्तीचा हप्ता सुरू करावा, तो कितीही लहान असला तरी चालेल. जोखमीची पातळी वरच्या तीन प्रश्नांवरून ठरवावी, ती कागदावर लिहून ठेवावी आणि त्याखाली कारणही लिहावे. वर्षातून एकदाच, आपण ठरवलेल्या दिवशी, खाते पाहावे. पगारवाढ झाली की त्याच महिन्यात हप्ता वाढवावा. बाजार पडल्याची बातमी आली की तो लिहिलेला कागद काढून वाचावा, आणि घरची परिस्थिती बदललेली नसेल तर काहीही करू नये.

समारोप

आपल्या घरांतून पगारावर जगणारी ही कोठे पहिली, कोठे दुसरी, तर कोठे तिसरी पिढी आहे. वडिलोपार्जित जमीन किंवा दुकान नसलेल्या माणसाला म्हातारपणी दोनच आधार असतात, मुले आणि स्वतःची बचत. मुलांवर भार पडला की त्यांचे शिक्षण थांबते आणि एक पिढी पुन्हा मागे जाते. म्हणून निवृत्तीची बचत हा केवळ म्हातारपणाचा प्रश्न नाही, तो पुढच्या पिढीच्या शिक्षणाचाही प्रश्न आहे. फॉर्मवरील तो कोरा रकाना भरताना एवढे जरी आठवले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. पासबुकातील रक्कम वाढत असूनही तोटा कसा होऊ शकतो? उदाहरणासह लिहा.
२. शेअर बाजारातील एकच पडझड पंचविशीतील मुलीला आणि अठ्ठावन्न वर्षांच्या गृहस्थाला वेगळी का भासते?
३. आपल्या घरातील कमावत्या व्यक्तीचा फंड, एनपीएस किंवा अन्य निवृत्ती बचत यांची माहिती गोळा करा. वारसनोंद झाली आहे काय ते पाहा आणि झाली नसल्यास पुढच्या वर्गापूर्वी करून घ्या.